भाड्याने दिलेला फ्लॅट : स्लॅबच्या सळया उघड्या, नळाला तांबडं पाणी. आधी काय करायचं आणि खर्च कोणाचा?

मिठागर

भाईंदर पश्चिमेला खाडीच्या बाजूची इमारत, तळमजला अधिक चार, १९९४ ची. सोसायटी नोंदणीकृत. दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला आहे आणि मी पुण्यात. भाडेकरूंनी पाठवलेल्या फोटो-व्हिडिओंवरून स्थिती अशी:

बाथरूमच्या छताचा साधारण दोन बाय तीन फुटांचा भाग खाली आलाय. आतल्या सळया दिसतात, त्यांचे पापुद्रे सुटताहेत, एका कोपऱ्यात कायम ओल. वरच्या मजल्यावर त्याच जागी त्यांचं बाथरूम आहे. स्वयंपाकघरातल्या नळाला सकाळचं पहिलं पाणी तांबडं येतं आणि धार बारीक झालीय. पाइप जुने जीआयचे (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे), भिंतीत दाबलेले. गिझरखाली ठिबक आहे. खिडक्यांच्या ग्रिलना गेल्या दिवाळीआधी रंग दिला होता, त्या पुन्हा गंजल्यात.

ठेकेदार म्हणतो, "सळयांना रेड ऑक्साइड मारतो, सिमेंटचा पॅच भरतो, वरून वॉटरप्रूफ पुट्टी. दोन दिवसांचं काम." भाडेकरू म्हणतात, तुम्हाला जमत नसेल तर आम्ही करून घेतो आणि भाड्यातून वळते करतो. सेक्रेटरी म्हणतात, फ्लॅटच्या आतलं सगळं तुमचं.

ठेकेदाराची पद्धत बरोबर आहे का? कामाचा क्रम काय ठेवू? आणि कुठला खर्च कोणाचा?

ओळंबा

ठेकेदाराला थांबवा. त्याचा पॅच एखादा पावसाळा काढेल आणि मग त्याच्याच कडेने नवा तुकडा सुटेल. कारण पुढे लिहितो, पण आधी तातडीचं. भाडेकरूंना लाकडी दांडक्याने सगळं छत हलकेच ठोकून बघायला सांगा, तेही बाजूला उभं राहून. टणक आवाज येतो तो भाग धड, भदभद येतो तो आतून सुटलेला. सुटलेला भाग उघड्या भागापेक्षा बराच मोठा निघतो. त्याची हद्द खडूने आखून फोटो काढून ठेवा आणि तेवढा भाग गवंड्याकडून लगेच पाडून घ्या. खाली अंघोळ करणारा माणूस असतो. पोकळ आवाज बीमपर्यंत पोहोचला असेल किंवा बीमच्या तळाला सळईच्या रेषेत लांब भेग असेल, तर टेकू लावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. मग तो प्रश्न एका फ्लॅटचा राहत नाही.

आता पाणी. वरून गळती चालू असताना खालून स्लॅब दुरुस्त करू नये. तपास या क्रमाने:

आधी वरच्या बाथरूमची पुरवठ्याची लाइन. व्हॉल्व्ह बंद करून ठिबक थांबते का बघतात, पण बुडीत (बाथरूमखाली खोल घेतलेल्या) स्लॅबच्या भरावातल्या विटांच्या तुकड्यांत मुरलेलं पाणी व्हॉल्व्ह बंद केल्यावरही दिवस-दोन दिवस उतरत राहतं, त्यामुळे एका रात्रीवर निकाल देऊ नका. प्लंबरने हातपंपाने लाइनला दाब द्यावा आणि काटा पडतो का बघावं, हे जास्त खात्रीचं. लाइन ठीक निघाली तर नहाणी ट्रॅपचं (लादीतल्या सांडपाण्याच्या जाळीचं) तोंड बंद करून लादीवर २५ मिमी पाणी, त्यात कपड्यांची नीळ, २४ ते ४८ तास. खाली निळं उतरलं तर दोष लादीच्या सांध्यांत किंवा कोब्यात (लादीखालच्या मसाल्याच्या थरात). नाही उतरलं तर तोंड उघडून ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओता, शेवटी कमोड. एकाच दिवशी दोन चाचण्या करू नका, कुठलं पाणी कुठून आलं ते कळत नाही.

दोष फक्त सांध्यांत असेल तर सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून भागतं. कोबा गेला असेल तर लाद्या, कोबा, भराव काढून मूळ स्लॅबपासून वॉटरप्रूफिंग करावं लागतं: लेप दोन हात, भिंतीवर किमान एक फूट वर, शॉवरच्या बाजूला सहा फूट. तुमच्या छताला खालून वॉटरप्रूफ लेप मारणं हा मात्र उपाय नाही. पाणी वरून येत राहतं, खाली उतरायची वाट बंद होते, स्लॅब सतत ओला राहतो आणि सळया जोमाने गंजतात.

पॅच का सुटतो? चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो. त्या अल्कलीत लोखंडावर पातळ संरक्षक थर टिकून राहतो. तो दोन गोष्टींनी जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत जातो आणि पीएच ९ च्या खाली येतो, किंवा क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, सळईपर्यंत पोहोचतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट होतं आणि तो खालचं काँक्रीट ढकलून टाकतो. त्या काळच्या इमारती काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस ४५६ च्या, १९७८ च्या आवृत्तीवर बांधलेल्या. त्यात साध्या स्लॅबला सळईखाली किमान १५ मिमी काँक्रीट चालायचं. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत तीव्र वातावरणासाठी ४५ मिमी आहे. शिवाय तेव्हा पिळाच्या टॉर सळया वापरत, त्या लवकर गंजतात.

खाडीपट्ट्यातल्या जुन्या इमारतींबाबत आणखी एक शंका घ्यावी लागते: वाळू खाडीची आणि न धुतलेली होती का? तसं असेल तर मीठ बाहेरून आलेलं नाही, काँक्रीट कालवतानाच आत गेलंय. अशा ठिकाणी पॅच भरला की पॅचमधली सळई सुरक्षित होते, पण कडेच्या जुन्या, खारट काँक्रीटमधली सळई तिच्या तुलनेत अॅनोड, म्हणजे आधी झिजणारं टोक, बनते आणि आधीपेक्षा वेगाने गंजते. म्हणून नवा तुकडा नेमका पॅचच्या कडेने सुटतो. लोक म्हणतात मिस्त्रीने काम कच्चं केलं. पुष्कळदा मिस्त्रीचा दोष नसतो.

त्यामुळे खर्चाआधी दोन चाचण्या. ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीनचा १ टक्का अल्कोहोलमधला द्राव फवारा. गुलाबी झालं तर तिथे अल्कली शाबूत, रंग आला नाही तर कार्बोनेशन तिथवर पोहोचलंय. गुलाबी रंगावर खूश होऊ नका, मिठाबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. त्यासाठी ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी घेऊन प्रयोगशाळेत क्लोराइड तपासून घ्या. आयएस ४५६ ची मर्यादा आरसीसीसाठी घनमीटरला ०.६ किलो आहे.

दुरुस्ती. टेकू लावून सुटलेलं काँक्रीट तोडा, सळईच्या मागे २० मिमी मोकळं होईपर्यंत, आणि लांबीच्या दिशेने स्वच्छ, न गंजलेली सळई दिसेपर्यंत. अर्धी सळई काँक्रीटमध्ये आणि अर्धी बाहेर ठेवून केलेला पॅच टिकत नाही. कडा करवतीने सरळ कापा, पातळ धारेवर मसाला धरत नाही. सळया वायर व्हीलने सर्व बाजूंनी चकचकीत करा आणि मग व्हर्नियरने मोजा. ८ मिमीची सळई ७ मिमी उरली तर क्षेत्रफळ सुमारे २३ टक्के घटलेलं असतं. घट २० टक्क्यांच्या पुढे असेल तर शेजारी नवी सळई, धड भागावर दोन्हीकडे ४०० मिमी जोड घेऊन. स्लॅबमध्ये ५०–६० मिमी खोल भोकं पाडून रेझिनमध्ये एल आकाराचे कनेक्टर बसवा आणि नवी सळई त्यांना बांधा.

इथून दोन वाटा. क्लोराइड मर्यादेत असेल तर सळईला इपॉक्सी झिंक प्रायमर, तो सुकल्यावर काँक्रीटला बाँड कोट (जुनं-नवं चिकटवणारा लेप), आणि बाँड कोट चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर: ५० किलो सिमेंटला १५० किलो क्वार्ट्झ वाळू, साडेसात किलो पॉलिमर, पाणी जेमतेम. छताला एका वेळी १० ते १२ मिमीचाच थर, पुढच्या थराआधी पृष्ठभाग खरवडून. पहिले एक-दोन दिवस ओलं ठेवा, नंतर हवेवर सुकू द्या. पॉलिमरला सुकायला हवं असतं, आठवडाभर पाणी मारत बसू नका. आणि पाणी गोडं. बोअरच्या मचूळ पाण्यात मसाला कालवला तर सगळं मुसळ केरात.

क्लोराइड मर्यादेबाहेर असेल तर पॅचच्या कडेलगत जस्ताचे छोटे अॅनोड सळईला तारेने बांधतात, कंपनीच्या तक्त्यानुसार साधारण ३०० ते ६०० मिमी अंतरावर. तिथे सळईला इपॉक्सी लावायचं नाही आणि जास्त पॉलिमरचा मसालाही नाही, कारण दोन्ही विजेला अडवतात आणि अॅनोड निकामी होतो. तार आणि सळई यांच्यात मल्टिमीटरवर १ ओहमपेक्षा कमी रोध यायला हवा. हे दोन दिवसांत होत नाही, आठवडा-दहा दिवस धरा.

अर्धाइंची

पाण्याचं सांगतो. तांबडं पाणी तुमच्या पाइपातून येतंय की गच्चीच्या टाकीपासूनच, हे बाटलीने कळतं. सकाळी कुणी नळ उघडायच्या आत काचेच्या बाटलीत पहिली धार, मग प्रत्येक लिटरला एक बाटली. अर्धा इंची पाइपच्या १० मीटर लांबीत सुमारे २ लिटर पाणी असतं. दोन-तीन लिटरनंतर स्वच्छ झालं तर गंज फ्लॅटच्या आतल्या लाइनचा. पाच-दहा लिटरनंतरही लालच, आणि शेजाऱ्यांकडेही तसंच, तर उभी लाइन किंवा टाकी, ते सोसायटीचं.

तुमची धारही बारीक झालीय, त्यामुळे आतली लाइन गेलेली असण्याचीच शक्यता जास्त. जीआय पाइप आतून गाठींनी भरतो आणि आटे पाडलेल्या जागी जस्त निघून गेलेलं असल्यामुळे जोडावर आधी फुटतो. लोक फुटलेला तुकडा कापून नवा जीआय घालतात. जुन्या गंजलेल्या पाइपला जोडलेला नवा तुकडा आधी खाल्ला जातो. ओळंबा यांनी पॅचच्या कडेचं जे सांगितलं तोच प्रकार इथे आहे. तुकड्यावर पैसे घालू नका, बाथरूम आणि स्वयंपाकघराची लाइन एकदम बदला.

नवी लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप), एसडीआर ११ (पाइपच्या जाडीचा वर्ग), गार-गरम दोन्हीला. भिंत फोडायची नसेल तर बाहेरून क्लॅम्पवर घ्या, भाड्याच्या घरात तेच बरं, पुढची गळती डोळ्यांना दिसते. नळ आणि व्हॉल्व्हच्या जागी पितळी आट्यांची फिटिंग, त्यावर टेफ्लॉन टेप. सुतळी-सफेदा सीपीव्हीसीवर लावू देऊ नका, तेलाने प्लास्टिक चिरतं. भिंत बुजवण्याआधी ७ किलो दाबावर तासभर चाचणी. सॉल्व्हंटचे जोड पुरते सुकल्याशिवाय ती घ्यायची नाही, डब्यावर वेळ लिहिलेली असते. प्रत्येक खोलीला वेगळा बॉल व्हॉल्व्ह ठेवा म्हणजे नळाचा वॉशर बदलायला सगळं घर कोरडं ठेवावं लागत नाही.

एक गोष्ट प्लंबर सांगत नाहीत. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग धड नसेल तर जीआयचा पाइपच नकळत अर्थिंगचं काम करत असतो. तो काढून प्लास्टिक आलं की गिझरचा बिघाड झाल्यावर करंट जायला वाट उरत नाही, तो पाण्यातून माणसाकडे येतो. पाइप बदलायच्या दिवशीच इलेक्ट्रिशियन बोलवा: गिझरच्या सॉकेटला खरी अर्थिंग वायर आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). हे भाडेकरूच्या नाही, मालकाच्या खात्यातलं समजा.

गिझरची ठिबक कुठून आहे ते बघा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून गरम होताना चार थेंब येणं नैसर्गिक आहे, त्याला छोटी नळी लावून नहाणीत सोडा, प्लग ठोकू नका. एलिमेंटच्या पाटीखालून येत असेल तर गॅस्केट. टाकीच्या अंगातून येत असेल तर गिझर बदला, वेल्डिंग टिकत नाही. नव्यात मॅग्नेशियमची कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. वर्षातून एकदा काढून बघा, अर्ध्याहून बारीक झाली किंवा मधली तार दिसली की बदला. भाड्याच्या घरात ही कांडी कुणीच बघत नाही. मालकाला वाटतं भाडेकरू सर्व्हिसिंग करतो, भाडेकरूला कांडी आहे हेच माहीत नसतं.

मसुदा

खर्चाची वाटणी पाणी कुठून आलं यावर ठरते, त्यामुळे वर सांगितलेल्या चाचण्यांचे फोटो, तारखा आणि प्लंबरचं लेखी मत जपून ठेवा.

भाडेकरू "वळते करतो" म्हणतात ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ वरून आलेलं असावं. विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवणं मालकावर बंधनकारक. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरीही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर त्याने स्वतः करून भाड्यातून वजा करायची, मात्र वर्षाला वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पण हे कलम भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा लायसन्सी, म्हणजे फक्त वापराची परवानगी घेतलेला, आहे, त्याला हा हक्क आपोआप मिळत नाही. तुमच्या नोंदणीकृत करारात काय लिहिलंय तेच चालतं. करार लेखी आणि नोंदणीकृत नसेल तर कलम ५५ प्रमाणे अटींबद्दल समोरच्याचं म्हणणं खरं धरलं जातं. उलट बाजूने, भांडण झालं म्हणून पाणी किंवा वीज तोडायचा विचार कुणीही करू नये.

सेक्रेटरींचं म्हणणं अर्धवट आहे. आदर्श उपविधींमध्ये (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांमध्ये) बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती, गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि स्लॅबची संरचनात्मक दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायच्या यादीत आहे, उरलेलं सभासदाचं. शिवाय १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ५ वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे ३ वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट. तुमची इमारत ३० ओलांडून गेली. शेवटचा अहवाल लेखी मागा. तो झालाच नसेल तर सेक्रेटरींचा सूर बदलतो असा अनुभव आहे. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत मात्र स्वतः वाचा.

वरच्या बाथरूमच्या कोब्यातून पाणी येत असेल तर तो खर्च वरच्या सभासदाचा. ते चाचणी करू देत नसतील तर कमिटीला पत्र द्या: तपासणीसाठी पूर्वसूचना देऊन फ्लॅटमध्ये येऊ देणं सभासदावर बंधनकारक आहे. तिथेही अडलं तर सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय, पण ते वेळ खातं. छताखालून पाडलेल्या तुकड्यांचे फोटो दाखवल्यावर बहुतेक शेजारी ऐकतात.

पुढच्या करारात मोघम लिहू नका की "दुरुस्ती लायसन्सीने करावी". फोड करा. संरचना, भिंतीतले पाइप, वायरिंग, गिझर, ग्रिलचा रंग मालकाकडे. नळांचे वॉशर, बल्ब, एसी-प्युरिफायरची सर्व्हिसिंग राहणाऱ्याकडे. आणि ओल किंवा गंज दिसल्यावर ४८ तासांत मेसेज करणं राहणाऱ्यावर. खाऱ्या हवेने आलेला गंज ही नेहमीची झीज आहे, त्यासाठी डिपॉझिट कापू नका.

मिठागर

फार उपयोगी. वरच्यांनी चाचणीला होकार दिलाय, प्लंबर रविवारी येतोय. बाटल्यांचं भाडेकरूंनी आजच केलं: तिसऱ्या लिटरला पाणी स्वच्छ. म्हणजे लाइन आमचीच. ग्रिलबद्दल कुणी सांगेल का? रंगाऱ्याने रेड ऑक्साइडचे दोन हात आणि ऑइल पेंट दिला होता.

पॉलिशपेपर

रंग वाईट नव्हता, मीठ रंगाखाली राहिलं. खाडीकाठी ग्रिल नुसती घासून रंगवली की खड्ड्यांतला क्षार तिथेच राहतो, ओलावा ओढतो आणि रंगाला आतून फोड येतात. घासल्यावर गोड्या पाण्याने ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा, पुन्हा हलका वायर ब्रश, आणि त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर उघडं ठेवलं की पुन्हा पिवळं.

हाताने घासलेल्या ग्रिलवर झिंक-रिच प्रायमर महागडा असूनही नीट बसत नाही, त्याला ब्लास्टिंग केलेला पृष्ठभाग लागतो. इपॉक्सी झिंक फॉस्फेटचे दोन हात घ्या, प्रत्येकी ४०–५० मायक्रॉन. त्याआधी वेल्डच्या जागा, कोपरे आणि पट्ट्यांच्या कडा ब्रशने वेगळ्या रंगवा, धारेवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. वर पॉलियुरेथेनचे दोन हात; इपॉक्सी उघडं ठेवलं तर उन्हात खडूसारखं पांढरं पडतं. नोव्हेंबर ते मे या काळातच करा.

ग्रिलचे पाय खिडकीच्या कट्ट्यात गाडलेले असतील तर तो सांधा खरवडून सीलंट भरा, तिथे पाणी साचतं. आणि भाडेकरूंनी ग्रिलमध्ये कुंड्या ठेवल्या असतील तर खाली ट्रे ठेवायला सांगा. पट्टीची जाडी अर्ध्यावर आली असेल तर रंगावर पैसे घालू नका. नवी ग्रिल सगळं वेल्डिंग करून मग हॉट डिप गॅल्वनाइझ करून घ्या. आधी गॅल्वनाइझ केलेल्या पट्ट्या आणून वेल्ड केल्या तर जोडावरचं जस्त जळून जातं. स्टेनलेस घ्यायचं असेल तर ३०४ वर खाडीच्या हवेत तपकिरी डाग पडतात, ३१६ मागा. बिलावर ग्रेड लिहून घ्या, दिसायला दोन्ही सारखेच.

ओळंबा

मिठागर, रविवारी चाचणीत कोबा निघाला तर वरच्यांना लाद्या काढल्याकाढल्या कळवायला सांगा. मूळ स्लॅब वरून उघडा असतो तेव्हाच वरच्या बाजूच्या सळया आणि भेगा बघता येतात. क्लोराइडसाठीची भुकटीही तुमच्या छतातून त्याच दिवशी घ्या: ० ते २०, २० ते ४० आणि ४० ते ६० मिमी, तीन वेगळ्या पिशव्यांत. मीठ बाहेरून आलं असेल तर आकडा आत जाताना उतरतो. तिन्ही पिशव्यांत सारखा आला तर ते वाळूचं. तसं निघालं तर तो अहवाल सोसायटीला द्या, कारण वाळू सगळ्या इमारतीला तीच वापरलेली असणार.